पैलतीराचा आमदार

होबार्ट गॅबर्ड सदतीस वर्षं आमचे आमदार होते. त्यातली अठ्ठावीस वर्षं त्यांची पत्रं, भाषणं आणि विधेयकं मी टाइप केली. फ्रँकफर्टला, म्हणजे आमच्या केंटकी राज्याच्या राजधानीत, लोक त्यांना ‘पूल’ म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते माहीत होतं. ‘पूल आला का रे आज?’, ‘पुलाला विचारा, त्याने विधेयक वाचलं असेल.’ आणि त्यांनी वाचलेलं असायचंच. सभागृहात शंभर आमदार. प्रत्येक विधेयक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा हा एकच माणूस.

ते मूळचे मास्तर. आमच्या खोऱ्यात नदीकाठी एका खोलीची शाळा होती. तिथेच ते शिकले आणि पुढे तिथेच शिकवायला लागले. सत्तावन्न सालच्या पुरात ती शाळा वाहून गेली. तिच्यातली लोखंडी शेगडी दोन मैल खाली चिखलात सापडली. पुढे सरकारने नदीवर धरण बांधायचं ठरवलं. खोऱ्यातली माणसं रडत होती आणि होबार्ट मात्र धरणाच्या बाजूने बोलत दारोदार हिंडत होते. “खालच्या गावांत दर दोन-तीन वर्षांनी माणसं बुडतात. त्यांनी काय करायचं?” असं ते विचारायचे. लोक ऐकून घ्यायचे आणि दार लावून घ्यायचे.

खरा प्रश्न पलीकडच्या लोकांचा होता. नदीच्या त्या अंगाला टॅनरचा डोंगर आहे. त्यावर तेव्हा साठेक घरं होती. दुकान, दवाखाना, कोर्ट, सगळं अलीकडे केल्सी गावात. नदी होती तोवर लाकडी साकवावरून पाच मिनिटांत येता यायचं. धरण झालं की मधे अकराशे यार्डांचं पाणी. डोंगरावरच्या चर्चमध्ये सभा झाली, तेव्हा होबार्ट उभे राहिले आणि म्हणाले, “पूल नकाशात आहे. मी डोळ्यांनी पाहिलाय. पूल होईल. हा माझा शब्द.”

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “लिहून दे!”

त्यावर आर्ली सायझमोर उठला. आर्ली हा होबार्टचा शाळेतला सोबती, एका बाकावर बसलेला. नदीकाठची त्याची मक्याची जमीन बुडितात जाणार होती, म्हणजे सगळ्यात जास्त त्याचंच जात होतं. तो म्हणाला, “होबार्ट बोललाय ना? मग लिहायचं काय त्यात?”

सभा तिथेच मिटली. त्याच वर्षी, अठ्ठाविसाव्या वर्षी, होबार्ट आमदार झाले.

धरण झालं, पाणी चढलं, आणि नकाशातला पूल गळला. कुणी गाळला, का गाळला, ते कधी कळलं नाही. पुलाच्या जागी एक लोखंडी तराफा आला. दोन गाड्या मावतील एवढा, आणि त्याला बाजूने ढकलणारी एक मोटरबोट. तो चालवायची नोकरी आर्लीला मिळाली. आपल्याच शेतावरून तो दिवसातून दहा वेळा जायचा. धुकं असलं, वारा सुटला किंवा पाणी गोठलं की तराफा बंद. मग केल्सीला यायचं तर डोंगराला वळसा घालून एक्केचाळीस मैल.

आमची विधानसभा तेव्हा दोन वर्षांतून एकदा भरायची, जानेवारीत. पहिल्या दिवशी होबार्ट पुलाचं विधेयक मांडायचे आणि एप्रिलपर्यंत ते कुठल्यातरी समितीत मरायचं. चौसष्ट साली मेलं, सहासष्टला मेलं. मी बहात्तरला नोकरीला लागले, तेव्हा पहिलं टाइप केलेलं विधेयक तेच. मला वाटलं, केवढं मोठं काम! शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, “जपून ठेव गं, नव्वद सालापर्यंत हेच टाइप करायचंय तुला.”

निवडणुकीच्या आधी ते तराफ्यावरून डोंगरावर जायचे, प्रत्येक घरी. मी गाडी चालवायला सोबत असायचे. डेल्फिया नोबल नावाची म्हातारी ओसरीवरूनच ओरडायची, “पूल आणलास, की या खेपेलाही नुसतं तोंडच आणलंस?”

होबार्ट टोपी काढायचे. “तोंडच आणलंय, डेल्फिया. आत येऊ का?”

“ये. घेवडा शिजलाय. पण मत मागू नकोस जेवताना.”

मग घेवडा, मक्याची जाड भाकरी, वर कांदा. जेवण झाल्यावर ती कुणाचा पेन्शनचा कागद, कुणाच्या पोराच्या शाळेच्या बसची तक्रार त्यांच्या हातात ठेवायची. ते सगळं वहीत लिहून घ्यायचे आणि महिन्याभरात निकालात काढायचे. बस त्यांनी आणली. केल्सीचा दवाखाना त्यांनी आणला. खाणीत फुप्फुसं गेलेल्या माणसांची प्रकरणं त्यांनी किती लढवली, त्याची गणतीच नाही. पूल तेवढा येत नव्हता. तरी डोंगर दर वेळी त्यांनाच मत द्यायचा. मी एकदा आर्लीला विचारलं, असं कसं?

तो म्हणाला, “शिव्या द्यायला तरी आपला माणूस हवा की नको?”

अशी सव्वीस वर्षं गेली. होबार्टचे केस पांढरे झाले, आणि जुने लोक गेले तसतसे ते वर सरकत अंदाजपत्रक समितीचे अध्यक्ष झाले. नव्वद साली पहिल्यांदाच पूल स्वतंत्र विधेयकात नव्हता. तो थेट अंदाजपत्रकात होता. चार ओळी. त्या टाइप करताना मी मान खाली घालून हसत होते. होबार्ट म्हणाले, “वर्डी, सही होईपर्यंत हे कुठेही बोलायचं नाही. सव्वीस वर्षं चेष्टा झाली, आता सत्ताविसाव्या वर्षी आणखी नको.” मी माझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही.

त्याच अधिवेशनात शाळांचा कायदा आला. शहरातल्या मुलामागे शाळेला जेवढं मिळतं तेवढंच डोंगरातल्या मुलामागे मिळावं, असा. आमच्याकडे चार मुलांत एक पुस्तक होतं, आणि होबार्टनी अशाच वर्गात आठ वर्षं काढलेली. हा कायदा त्यांनी स्वतः ओळ न् ओळ लिहिला होता. मोजणी केली तर दोन मतं कमी पडत होती. पश्चिमेकडच्या सपाट मुलखातले दोन आमदार म्हणाले, आमच्या गावाचा बाह्यवळण रस्ता द्या, मतं घ्या. रस्त्यांची यादी भरलेली होती. हलवता येण्याजोगी एकच गोष्ट त्यात होती.

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं.

“वर्डी, कागद लाव.”

मी लावला. त्यांनी पानाचा आकडा सांगितला. ओळी एकोणीस ते बावीस वगळण्यात याव्यात. त्या ओळी मला तोंडपाठ होत्या. माझे हात थांबले.

“मिस्टर गॅबर्ड, हा आपला पूल आहे.”

“माहीत आहे.”

“दोनच मतं ना? अजून कुणाला तरी विचारून...”

“सगळ्यांना विचारून झालंय.” ते खिडकीशी उभे होते, पाठ माझ्याकडे. “डोंगरावर एकशे नव्वद माणसं राहिलीत. शाळांत मुलं किती आहेत, सांगू?”

“नका सांगू.”

“पूल पुढच्या खेपेला करता येईल. हा कायदा पुढच्या खेपेला होणार नाही. टाइप कर.”

मी टाइप केलं. एकही चूक झाली नाही, याची मला अजून लाज वाटते. कायदा एका मताने पास झाला. सभागृहात लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि होबार्ट आपल्या जागेवर बसून कागद सारखे करत होते.

पुढच्या जानेवारीत, सतरा तारखेला, सकाळी आठच्या सुमारास आर्लीच्या बायकोच्या, लोरीनच्या, छातीत कळ आली. धुकं असं होतं की ओसरीवरून फाटक दिसत नव्हतं. केल्सीहून रुग्णवाहिका निघाली आणि अलीकडच्या काठाला येऊन उभी राहिली. वळसा घालून जायला धुक्यात दोन तास लागले असते. धुक्यात तराफा न्यायचा नाही हा नियम आर्लीचाच. सत्तावीस वर्षांत त्याने तो एकदाही मोडला नव्हता. त्या दिवशी त्याने लोरीनला गाडीच्या मागच्या सीटवर निजवलं, गाडी तराफ्यावर घेतली आणि निघाला.

काठावरच्या माणसांनी त्याला दिशा कळावी म्हणून रुग्णवाहिकेचा भोंगा चालू ठेवला. पण आमच्याकडे पाण्याच्या दोन्ही अंगांना उंच डोंगर. धुक्यात आवाज चहूकडून आल्यासारखा वाटतो. आर्ली इंजिन बंद करून कानोसा घ्यायचा, थोडा पुढे जायचा, पुन्हा बंद करायचा. एकदा तो निघाला त्याच काठाला परत लागला. लोरीन गाडीतून त्याच्याशी बोलत होती, एवढं त्याने नंतर सांगितलं. काय बोलत होती ते सांगितलं नाही. सात मिनिटांच्या पाण्याला त्याला बावन्न मिनिटं लागली. तराफा काठाला टेकला तेव्हा ती गेलेली होती.

मयताच्या वेळी चर्च भरलं होतं. होबार्ट सगळ्यात मागे उभे होते. बायकांनी आणलेली हॅम, बटाटे, सफरचंदाचे केक टेबलावर तसेच पडले होते. परतताना गाडीत ते म्हणाले, “मला आर्लीला सांगायला हवं.”

मी म्हणाले, “कशाला? त्याने काय होणार? आणि गेल्या वसंतात मंजूर झाला असता तरी पूल काय जानेवारीत उभा राहणार होता? तीन वर्षं लागतात बांधायला.”

“हे तू त्याला सांगायचं नाहीस. मीही सांगणार नाही.”

“का?”

“कारण ते खरं असलं तरी ती पळवाट आहे, वर्डी.”

दोन आठवड्यांनी आम्ही तराफ्यावर चढलो. दुसरी गाडी नव्हती. मी गाडीतच बसले, काच खाली. होबार्ट उतरून आर्लीजवळ जाऊन उभे राहिले. पाणी अर्धं ओलांडल्यावर ते म्हणाले, “आर्ली, गेल्या वर्षी पूल मंजूर होत होता.”

आर्लीची नजर समोरच होती. “कुठला पूल?”

“हाच. अंदाजपत्रकात लिहिलेला होता. मी काढला. शाळांच्या कायद्याला दोन मतं हवी होती.”

“कोणी काढायला लावला?”

“कोणी नाही. मीच काढला.”

आर्लीने इंजिन बंद केलं. तराफा पाण्यावर हळूहळू फिरायला लागला. मग त्याने इंजिन चालू केलं आणि तोंड वळवून आम्हाला निघालो त्याच काठाला परत आणलं. साखळी सोडली.

“उतर,” तो म्हणाला. “पुन्हा चढू नकोस.”

होबार्ट पुढच्याच रविवारी वळसा घालून डोंगरावर गेले. चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर उभे राहिले आणि आर्लीला सांगितलं तेच सगळ्यांना सांगितलं. कुणी ओरडलं नाही. डेल्फिया तेव्हा नव्वदीची होती. ती काठी टेकत त्यांच्याजवळ आली, त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि एक शब्द न बोलता बाहेर गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर सात वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, होबार्ट एक्केचाळीस मैल वळसा घालून डोंगरावर जायचे आणि चर्चच्या तळघरात टेबल मांडून बसायचे. कुणाला काही काम असलं तर. पहिले काही महिने कुणीच आलं नाही. आम्ही दोघं चार तास बसायचो, मी स्वेटर विणायचे, ते विधेयकं वाचायचे, आणि परत यायचो. बर्फात गाडी दोनदा खड्ड्यात गेली. मी म्हणायचे, तराफ्यावर दुसऱ्या कुणाच्या गाडीतून जाऊ. ते म्हणायचे, “त्याने चढू नकोस म्हटलंय.” पुढच्या निवडणुकीत डोंगरावर त्यांना अकरा मतं पडली. बाकीच्या काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, तारलं. आकडा ऐकून ते म्हणाले, “अकरा बरीच झाली.”

हळूहळू एखाददुसरा माणूस तळघरात यायला लागला. आर्ली कधी आला नाही.

दर अधिवेशनात पुलाचं विधेयक मांडलं जात होतं आणि मरत होतं. आता तर डोंगरावर फक्त एकशे बारा माणसं उरली होती. अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत ग्रेडी टार्विन नावाचा चाळिशीतला आमदार अंदाजपत्रक समितीचं अध्यक्षपद मिळवायच्या मागे होता. हुशार, तरतरीत, आणि त्याच्याकडे मतं जमत होती. होबार्टना हरवायला मात्र अजून थोडी कमी होती. होबार्टनी त्याला कॉफीला बोलावलं. मी टिपणं घ्यायला होते.

“ग्रेडी, तुला माझी खुर्ची हवी आहे.”

टार्विन हसला. “तुमच्यानंतर, सर.”

“नंतर कशाला? सोमवारी घे. मी स्वतः तुझं नाव सुचवतो. मला टॅनरच्या डोंगराचा पूल दे.”

“एकशे बारा माणसांसाठी? लोक मला हसतील.”

“मला चौतीस वर्षं हसतायत. मेलो नाही मी.”

टार्विनने कप खाली ठेवला. “आणि खुर्ची गेल्यावर तुमच्याकडे काय उरणार?”

“मत,” होबार्ट म्हणाले. “एक.”

सोमवारी ते मागच्या रांगेत जाऊन बसले. टार्विनने शब्द पाळला, पण रस्ते समितीत सुनावणी घ्यावीच लागणार होती. खात्याचा अभियंता नकाशे घेऊन आला. दिवसाला सरासरी चौदा गाड्या, तराफ्याची सेवा पुरेशी, पूल अनावश्यक. साक्षीला त्याने तराफ्याच्या चालकालाच बोलावलं होतं. बरोबरच होतं त्याचं. पूल झाला तर नोकरी जाणार ती आर्लीची. तो पुलाच्या बाजूने कशाला बोलेल?

आर्ली चर्चचा सूट घालून आला होता. हातात पिठाच्या कापडी पिशवीत वह्या. रोजची फेरी तो वहीत लिहायचा, हे मलाही माहीत नव्हतं. माइकसमोर बसून त्याने एकच वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. शाळेत मुलं वाचतात तसं, शब्दावर बोट ठेवून.

“जानेवारी, एक्क्याण्णव. एक तारीख, धुकं, बंद. दोन, चालू. तीन, वारा, बंद. चार, वारा, बंद. पाच, चालू, दुपारनंतर धुकं, बंद.” अध्यक्षांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, पण त्याला थांबवलं नाही. “सोळा, धुकं, बंद. सतरा, धुकं, बंद. नऊ वाजून दहा मिनिटांनी सुटली. दहा वाजून दोन मिनिटांनी पोचली. प्रवासी एक.”

समितीतली एक बाई म्हणाली, “बंद होती, तर सुटली कशी, मिस्टर सायझमोर?”

“प्रवासी माझी बायको होती.”

खोलीत कागद वाजायचे थांबले. “आणि... पोचल्यावर त्या...?”

“पोचल्यावर नव्हती.” त्याने वही मिटली. “उन्हात सात मिनिटं लागतात. साहेब म्हणतात ते खरं आहे. उन्हात सेवा पुरेशी आहे.”

अभियंता म्हणाला, अगदी हळू, “पूल झाला तर तुमची नोकरी जाईल, हे तुम्हाला माहीत आहे ना?”

“जाऊ दे की.”

होबार्ट मागच्या रांगेत, टेबलावर हात ठेवून बसले होते. ते वर बघत नव्हते. समितीने पूल मंजूर केला. विरोधात फक्त दोन हात होते.

बाहेर व्हरांड्यात आर्ली पिशवी काखेत धरून बसची वेळ विचारत होता. होबार्ट पुढे गेले. सात वर्षांनी ते दोघे समोरासमोर उभे होते.

“हे तुझ्यासाठी नाही केलं,” आर्ली म्हणाला.

“माहीत आहे.”

“बस चारला आहे म्हणतात.”

“वर्डीची गाडी आत्ता आहे.”

तीन तासांचा रस्ता. आर्ली पुढे बसला, होबार्ट मागे. मी रेडिओ लावला, मग मीच बंद केला. आमचे डोंगर दिसायला लागले तेव्हा आर्ली मागे न वळता म्हणाला, “पूल बांधायला तीन वर्षं लागतात. एवढं गणित मलाही येतं. ती गेली ते पुलामुळे नाही.”

एक वळण गेल्यावर तोच पुढे म्हणाला,

“तू मला आधी विचारायला हवं होतंस. काढायच्या आधी. मी नाही म्हटलं असतं. तरी विचारायला हवं होतंस.”

“हो,” होबार्ट म्हणाले.

काठाला पोचलो तेव्हा ऊन अजून डोंगरमाथ्यावर होतं. आर्ली उतरला, साखळी काढली आणि मला हात केला: गाडी आत घे. मी आरशातून होबार्टकडे पाहिलं. त्यांनी दार उघडलं आणि पायीच तराफ्यावर चढले. आर्लीने मागे साखळी लावली. पलीकडे पोचेपर्यंत दोघे कठड्याशी उभे होते, मधे हातभर अंतर.

पुलाला नाव द्यायचं निघालं. टार्विनने होबार्टचं नाव सुचवलं. होबार्टनी ते खोडलं. डोंगरावरच्या लोकांनी लोरीनचं सुचवलं. आर्ली म्हणाला, “नको. रोज त्या पाटीखालून मला जायचंय.” म्हणून पुलाला नाव नाही, रस्तेखात्याचा नुसता क्रमांक आहे.

दोन हजार सालच्या मे महिन्यात, पक्षाच्या उमेदवारीच्या निवडणुकीत, होबार्ट हरले. आमच्याकडे उमेदवारी हुकली की आमदारकी गेलीच. समोर रँडल फ्यूगेट होता, पशुखाद्याचा दुकानदार. त्याने घरोघरी एवढंच सांगितलं की खुर्ची नसलेला आमदार म्हणजे दात नसलेला कुत्रा, आणि ते लोकांना पटलं. दोनशे बारा मतांनी गेले. डोंगरावरच्या नव्वदातली त्र्याऐंशी मतं मात्र त्यांची होती. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी फ्यूगेटला स्वतः फोन केला, आणि कुठली प्रकरणं अर्धवट राहिलीत त्याची यादी त्याला वाचून दाखवली. यादी पाऊण तास चालली.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात पूल खुला झाला. फीत फ्यूगेटने कापली. होबार्ट आणि मी गर्दीत होतो. आर्ली खाली काठाला तराफा कायमचा बांधून वर आला, तेव्हा वर्तमानपत्राच्या मुलीने त्याला विचारलं, “कसं वाटतंय?”

“बेकार वाटतंय,” तो म्हणाला. “उद्यापासून बेकारच आहे.”

लोक हसले. तोही हसला, आणि मग तोंड फिरवून पाण्याकडे बघत राहिला.

पुढे आर्ली रविवारी दुपारी पूल ओलांडून होबार्टकडे यायचा. दोघे ओसरीवर बसायचे. फार बोलायचे नाहीत. कधी शाळेतल्या कुणाची आठवण, कधी माशांची. तो दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात गेला. होबार्ट त्यानंतर आठ महिने होते. छातीत पाणी व्हायचं, बसून झोपावं लागायचं. मी आठवड्यातून दोनदा जायचे, पत्रं वाचून दाखवायला. आमदारकी गेली तरी लोकांची पत्रं येतच होती.

शेवटच्या हिवाळ्यात मी त्यांना विचारलं, “नव्वदचा तो मार्च पुन्हा आला, शाळांच्या कायद्याचा, तर तुम्ही तेच कराल?”

त्यांनी बराच वेळ श्वास जमवला. “कायदा? हो. पण आधी घरी आलो असतो. तराफ्यावर जाऊन आर्लीला सांगितलं असतं आणि मग फ्रँकफर्टला परत गेलो असतो.”

“आणि तो नाही म्हणाला असता तर?”

“तरी केलं असतं. पण मग त्याने मला तिथल्या तिथे शिव्या घातल्या असत्या, वर्डी. तो त्याचा हक्क होता. तोही मी त्याला दिला नाही.”

मी पुढचं पत्र उघडलं. केल्सीतल्या एका बाईचं होतं. तिच्या मुलीच्या शाळेची बस सकाळी वेळेवर येत नव्हती. त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावलं आणि मग उत्तर सांगायला सुरुवात केली.